गिझर बदलायला खरा खर्च किती येतो आणि पैसे देण्याआधी काय बघायचं

गेल्या डिसेंबरात आमच्या बाथरूममधला गिझर गळायला लागला, आधी खालच्या प्लास्टिकच्या झाकणातून थेंब थेंब आणि दोन दिवसांत खाली बादली लावायची वेळ आली. साडेसहा वर्षं चालला होता. घाईघाईत दुकानात गेले, 15 लिटरचा फाइव्ह स्टार 8,650 ला घेतला, वाटलं झालं काम. सगळं बसवून होईपर्यंत बिल 12,240 वर गेलं. वरचे पैसे कुणी लुबाडले नाहीत बरं का, ते लागणारच होते, फक्त मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे गिझर खरंच बदलायचाय का ते बघा. पाणी गरमच होत नसेल तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग), कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा) नाहीतर पाणी तापवणारी कॉइल गेलेली असते, हजार-दीड हजारात काम होतं. चालू केल्या केल्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडत असेल तर कॉइल फुटून करंट पाण्यात उतरत असण्याची शक्यता असते, अशा वेळी एमसीबी परत परत वर करून बघू नका, गिझर बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पण आतली टाकीच गळत असेल तर तिला वेल्डिंग-बिल्डिंग करत बसू नका, टिकत नाही, नवीन घ्या. फक्त गळती नक्की टाकीचीच आहे ना, का वरच्या पाईपच्या जोडातून ओघळून खाली येतेय, हे कोरड्या फडक्याने पुसून एकदा बघा.

आता साइझ. दोघंतिघं असाल आणि बादलीने अंघोळ करत असाल तर 15 लिटर पुष्कळ झाला. शॉवर असेल, किंवा घरात चारपाच जणं आणि सकाळी सगळ्यांची एकदमच घाई, तर 25 लिटर घ्या. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी 3 लिटरचा इन्स्टंट (लागेल तेव्हा लगेच पाणी तापवणारा) ठीक आहे पण तो साधारण 3000 वॅटचा असतो, म्हणजे 13 अँपिअर ओढतो, आणि मोठा स्टोरेजवाला (टाकीत पाणी तापवून साठवणारा) 2000 वॅटचा असून 9 च्या आसपास ओढतो. छोटा म्हणून वायरिंगकडे दुर्लक्ष करायचं नाही ते यासाठी.

स्टारचं पण सांगते. स्टोरेज गिझरवरचे स्टार म्हणजे पाणी गरम होऊन टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता वाया जाते त्याचा हिशोब. दिवसभर गिझर चालू ठेवणारं घर असेल तर फाइव्ह स्टार नक्की घ्या. वीस मिनिटं आधी लावून अंघोळ झाली की बंद करणाऱ्यांना तेवढा मोठा फरक पडत नाही, कारण 15 लिटर पाणी 20 वरून 55 डिग्रीवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतंच, मग स्टार कितीही असोत. तरी मी फाइव्ह स्टारच घेतला, आमच्याकडे बंद करायला विसरणारी माणसं आहेत.

पाणी कसलं येतं हे मात्र दुकानात जायच्या आधी माहीत हवं. महापालिकेचं पाणी असेल तर फार चिंता नाही. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर क्षार असतात, बादलीच्या कडेला आणि नळाच्या जाळीवर पांढरं साचतं तेच आत कॉइलवर साचतं, मग पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल जळते. अशा पाण्यासाठी आतून ग्लासलाइन्ड (काचेसारखा थर दिलेली) नाहीतर पॉलिमर कोटिंग असलेली टाकी बघा आणि मॅग्नेशियम रॉड कितीला मिळतो ते विचारून ठेवा. हा रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकी वाचते. नवीन असताना बोटाएवढा जाड असतो. प्लंबरने आमच्या जुन्या गिझरमधून काढला तर मधली लोखंडी तार तेवढी उरली होती, टोकाला वाटाण्याएवढा पांढरा गोळा, हात लावला तर भुकटी झाली. खाली तळाला ओंजळभर खवले, अंड्याच्या टरफलासारखे. साडेसहा वर्षांत एकदाही उघडून बघितला नव्हता आम्ही. दोन वर्षांनी पाचसातशे रुपयांचा रॉड बदलला असता तर हा गिझर अजून चालला असता असं तो म्हणाला, आणि ते बघून मला फार हळहळ वाटली.

उंच बिल्डिंगमध्ये राहत असाल तर प्रेशर विचारा. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा जेवढी वर तेवढं प्रेशर जास्त, दर 10 मीटरला साधारण 1 बार (प्रेशर बारमध्ये मोजतात), म्हणजे वीस मजली इमारतीत त्रास वरच्यांना नाही, खालच्यांना होतो. सोसायटीने मध्ये प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले असतील तर प्रश्न नाही, नसतील तर 8 बारचा, म्हणजे तेवढं प्रेशर सोसणारा गिझर मागा. गच्चीवर प्रेशर पंप असेल तर वरच्या मजल्यांनी पण 8 बारचाच घ्यावा.

जागेचं माप घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. उभा गिझर आडवा लावता येत नाही, आडवा उभा लावता येत नाही. 25 लिटरचा पाण्याने भरला की पस्तीस किलोच्या पुढे जातो, त्यामुळे काँक्रीटच्या किंवा पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट) चालतात, पण नवीन बिल्डिंगमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तेच फास्टनर हळूहळू ढिले होतात, तिथे त्या भिंतीसाठीचे वेगळे लांब फास्टनर नाहीतर आरपार बोल्ट लागतो. बसवणाऱ्याला भिंत कसली आहे ते आधी फोनवरच सांगा.

आता माझं बिल. गिझर 8,650, बसवायचे 500, स्टीलच्या जाळीचे दोन पाईप 440, दोन नवीन अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून गिझरला पाणी सोडणारे छोटे नळ, 700 (जुने फिरवताना हातात आले), आणि वायरिंग 2,350. जुना गिझर भंगारात 400 ला गेला ते वजा. तुमच्या गावात, तुमच्या दुकानात थोडं इकडेतिकडे होईल, पण गिझरच्या किमतीवर तीन-चार हजार हाताशी ठेवा.

वायरिंगचं जरा सांगतेच. जुना प्लग काढला तर एका पिनच्या भोवती तपकिरी झालेलं, सॉकेटचं भोक वितळून लांबट झालं होतं, जळक्या प्लास्टिकचा वास येत होता आणि आम्ही इतके दिवस तो वास ड्रेनेजचा समजत होतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, नवीन गिझर लावून काय करणार, ही वायर पंख्याची आहे." बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर ओढली (2000 वॅटला 2.5 पण चालते, पण एकदाच काम करायचं तर जाड घ्या), वेगळी 16 अँपिअरची एमसीबी, नवीन 16 अँपिअरचं सॉकेट, आणि स्विच बाथरूमच्या बाहेर. अर्थिंग टेस्टरने नाही, मीटर लावून तपासून घ्या. घरात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवा, तिचे पैसे वेगळे जातील पण गिझरचा करंट पाण्यात उतरला तर जीव ती वाचवते, एमसीबी नाही.

गॅस गिझरला जायचा विचार असेल तर एकच कळकळीची विनंती, तो बंद बाथरूमच्या आत लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. बाहेर बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावा, नाहीतर घेऊच नका.

बसवून झालं की लगेच स्विच टाकू नका. गरम पाण्याचा नळ उघडून ठेवा, आधी फुसफुस हवा येईल, मग सलग धार लागली की टाकी भरली, तेव्हा चालू करा, रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटभरात जळते. थर्मोस्टॅट 55-60 वर ठेवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं टपटपेल, ते बरोबर आहे, पाणी फुगतं म्हणून बाहेर येतं. त्याला बूच मारून देणारे प्लंबर असतात, ते करू देऊ नका, छोटी नळी लावून मोरीत सोडा. पावती आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा, आणि गिझरच्या बाजूला मार्करने बसवल्याची तारीख आणि रॉड बघायची तारीख लिहा. आमच्याकडे दोन वर्षांनंतरची लिहिलीय, बोअरचं पाणी असेल तर एक वर्षानंतरची लिहा.