कादंबरीत एनिग्माचा संदेश कसा फोडावा

एनिग्मा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य गुप्त संदेश लिहायला वापरत असलेलं यंत्र. त्यावर प्रसंग लिहायचा तर आधी साल आणि जागा पक्की करा. उदाहरणार्थ, १९४१, इंग्लंडमधलं गुप्त संदेश फोडण्याचं केंद्र ब्लेचली पार्क, तिथली हट सिक्स, म्हणजे सहा नंबरची बराक. इथं जर्मन लष्कर आणि हवाई दलाचे संदेश फोडले जात.

मग नायिकेला एकच काम द्या. संदेश टिपायचा दुसऱ्याच ठिकाणी, फोडायचा हट सिक्समध्ये, भाषांतर हट थ्रीमध्ये. सगळं एकटीच करून धावत चर्चिलकडे जाणारी मुलगी कथेतून काढून टाका.

खरी कसोटी संदेश फुटण्याच्या प्रसंगाची. मला सगळ्यात जास्त घाम इथंच गाळावा लागला. ‘तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला’ असं लिहा, असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. त्या वाक्यात वाचकाला करण्यासारखं काहीच उरत नाही. त्याला कोडं हातात द्या.

एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. हा नियम चार-पाच पानं आधीच सहज बोलण्यातून सांगून ठेवा. ऐन प्रसंगात समजावत बसलात तर वेग मेला. आता संदेशात ‘हवामान’ असणार असा तिचा अंदाज आहे. जर्मन शब्द वेट्टर: डब्ल्यू-ई-टी-टी-ई-आर. हाती आलेली अक्षरं: क्यू-ई-के-टी-एल-आर-डब्ल्यू-एम. शब्द पहिल्या अक्षरापासून खाली मांडला की ई खाली ई येतो. बाद. एक घर सरकवला की टी खाली टी. पुन्हा बाद. आणखी एक घर सरकवला की कुठंच टक्कर नाही! वाचकाला हे तिच्या क्षणभर आधी दिसू द्या.

पण जागा जुळली म्हणजे संदेश फुटला असं नव्हे; तसं समजण्याची चूक फार कथांमध्ये दिसते. अशा जुळणीवरून ‘बॉम्ब’ नावाच्या, संदेश फोडायला मदत करणाऱ्या यंत्राला जोडणी करून द्यायची, मग ते एनिग्मातल्या अक्षरं बदलणाऱ्या चक्रांच्या संभाव्य मांडण्या तपासत जाणार. त्यातल्या कित्येक खोट्या निघत. ती वाट पाहणं लिहा, प्रसंगाचा ताण तिथंच आहे. आणि हे यंत्र मार्च १९४०च्या आधी ब्लेचलीत आणू नका.

नायिका अगदी तरुण असेल आणि तिला हे जमेल का, अशी शंका आली तर ब्लेचलीत संदेश फोडणारी मेव्हिस लिव्हर आठवा. मार्च १९४१मध्ये मॅटापानच्या समुद्री लढाईआधी इटालियन नौदलाचे एनिग्मा संदेश फोडताना ती १९ वर्षांची होती. एका लांबलचक संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही, हे तिला दिसलं. म्हणजे पाठवणाऱ्यानं नुसतं एलच दाबलं होतं! वरचाच नियम, फक्त उलट्या बाजूनं वापरलेला.

शेवटी, नायिकेला घरी काही बोलू देऊ नका. १९७०च्या दशकापर्यंत तिथल्या बहुतेकींनी आईवडिलांनाही हे गुप्त काम सांगितलं नव्हतं.