महाराष्ट्र दिन: मुलांच्या हाती नकाशा द्या

१ मेचं कारण तोंडी सांगितलं तर चौथी-पाचवीची मुलं १९४७ आणि १९६० यांची हमखास गल्लत करतात. त्यापेक्षा जिल्ह्यांच्या सीमा असलेला कोरा नकाशा आणि तीन रंगखडू द्या.

मराठवाड्याचे ८ जिल्हे हिरवे: १९५६पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. विदर्भाचे ११ केशरी. ते मध्य प्रदेशात होते. उरलेले १७ पिवळे, म्हणजे जुनं मुंबई राज्य. नकाशा आजचा, ३६ जिल्ह्यांचा असतो. १९६० साली जिल्हे २६च होते, हे आधीच सांगा. नाहीतर गडचिरोली, लातूर तेव्हाही वेगळे होते असं मुलं धरून चालतात. (चंद्रपुरातला राजुरा तालुका मात्र हैदराबादकडचा. चोखंदळ मुलाला तेवढा हिरवा ठिपका देऊ द्या.)

आता पिवळ्याला लागून गुजरात काढायला सांगा. १९५६ ते १९६० हे सगळं एकच द्विभाषिक राज्य होतं. “मग मुंबई कोणाची?” हा प्रश्न मूल इथे स्वतःच विचारतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि हुतात्मा चौक तेव्हाच सांगा, आधी नको. बेळगाव, कारवार नकाशाबाहेर का, हेही ओघाने येईल.