'डाव्या हातचा मळ'ला पर्याय शोधताना या चुका टाळा

निवृत्त होणाऱ्या एका गणिताच्या सरांचं मानपत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. मूळ मसुद्यात होतं, 'अवघड गणितं म्हणजे सरांच्या डाव्या हातचा मळ'. मानपत्रात मळ कसा चालेल, म्हणून कुणीतरी तो पुसून 'सरांसाठी गणित म्हणजे पोरखेळ' असं केलं. त्यापेक्षा मळ परवडला! पोरखेळ म्हणजे सोपं काम नव्हे, गांभीर्य नसलेला कारभार. जन्मभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण शाल-श्रीफळ देऊन हे ऐकवणार होतो.

पर्याय शोधण्याआधी मूळ वाक्प्रचार काय सांगतो ते बघा. तो कामाबद्दल बोलतच नाही, करणाऱ्याच्या हातोटीबद्दल बोलतो. म्हणून 'आजचा पेपर डाव्या हातचा मळ होता' हे अडखळतं. कुणाच्या हातचा? तिथे 'पेपर सोपा होता' एवढंच पुरे. नुसता 'हातचा मळ'ही सोपेपणासाठी चालतो, पण पैशाबद्दल लिहिताना जपून. 'पैसा काय, हातचा मळ' म्हणणारा पैशाची किंमत कमी करत असतो, कमावणं सोपं आहे असं सांगत नसतो. आणि 'डाव्या हाताचा खेळ' हा हिंदीतून आलेला पाहुणा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा 'नाही'चा होतो. सोपेपणाचे आपले कितीतरी शब्दप्रयोग नकारातच शोभतात. 'संसार म्हणजे खायचं काम नाही', 'हे येरागबाळ्याचं काम नव्हे', 'कर्ज सहजासहजी मिळत नाही'. यातला नकार काढून 'कर्ज सहजासहजी मिळालं' लिहिलं की वाचणारा पुढच्या 'नाही'ची वाट बघत राहतो. तिथे 'सहज मिळालं' लिहा. 'खायचं काम आहे' तर फक्त 'का?' लावून, तेही भांडताना.

'अनायासे'पासून जपून राहा. मूळ अर्थ 'कष्टाविना' असला तरी बोलण्यात तो 'आयती संधी आहेच तर' अशा अर्थाने रुळलाय. 'अनायासे पुण्याला चाललायस, तर आत्याकडे डबा देऊन ये.' आता 'तिने अनायासे पहिला नंबर मिळवला' लिहून बघा. लॉटरी लागल्यासारखं वाटतं, आणि पहाटे चारला उठून अभ्यास केलेली पोर नाराज होते ती वेगळीच. तिथे 'लीलया' चालेल. त्यातला 'ली' दीर्घ आहे, 'लिलया' नव्हे.

'सु'ने सुरू होणारे संस्कृत शब्द अदलाबदल करायला सोपे वाटतात, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. खात्री नसेल तर उलट शब्द आठवा. दुर्लभ म्हणजे मिळायला कठीण, म्हणून सुलभ मिळायला सोपं (हप्त्यांच्या जाहिरातींनी आणि सार्वजनिक शौचालयांनी या शब्दाचं काय केलंय ते सोडा). दुष्कर-सुकर करण्याबद्दल, दुर्गम-सुगम पोचण्याबद्दल, दुर्बोध-सुबोध समजण्याबद्दल. म्हणजे भाषण सुबोध, काम सुकर. सुकर आणि सुखकर यांचीही गल्लत होते. नव्या पुलाने वळसा वाचला तर प्रवास सुकर झाला. गाडीत बसायला जागा मिळाली तर सुखकर.

'चुटकीसरशी' आणि 'हां हां म्हणता' वेग दाखवतात. डॉक्टरांनी अवघड शस्त्रक्रिया चुटकीसरशी केली, असं कौतुकाने लिहाल आणि रुग्णाचे नातेवाईक घाबरतील. 'हातोहात' तर पुस्तकं खपण्यासाठी आणि माणसं फसण्यासाठी राखून ठेवलेला.

मानपत्रात शेवटी आम्ही लिहिलं, 'सरांनी फळ्यावर मांडलं की गणित सोपं वाटायचं.' समितीतल्या एका काकांना ते फारच साधं वाटलं. सरांनी मात्र नेमकी तीच ओळ दोनदा वाचली.