आयजीयूच्या परिषदेला निबंध पाठवताय? या चुका टाळा

परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत जवळ आली की दरवेळी तेच प्रश्न येतात आणि त्यामागे तेच घोळ असतात. इंटरनॅशनल जिओग्राफिकल युनियन, म्हणजे आयजीयू, ही भूगोल संशोधनाची जागतिक संघटना. ती चालते कशी हे तासभर बसून वाचण्याऐवजी लोक थेट अर्ज भरायला घेतात. मग होणाऱ्या चुका अभ्यासात कमी पडल्याच्या नसतात, नुसत्या घाईच्या असतात. म्हणूनच त्या पाहिल्या की जास्त त्रास होतो.

‘आयजीयू सदस्य’ आणि बोगस परिषदा

बायोडेटात ‘आयजीयू सदस्य’ असं लिहिलेलं सारखं दिसतं. आयजीयू ही मुळात देशांची संघटना आहे. सदस्य असतो तो देश, आणि त्याच्या वतीने तिथली राष्ट्रीय समिती काम पाहते. एखाद्या परिषदेत निबंध वाचला म्हणून कोणी आयजीयूचा सदस्य होत नाही. संशोधकाची खरी वाट जाते ती कमिशनांमधून, म्हणजे संघटनेच्या अभ्यासगटांमधून. राजकीय भूगोल, लोकसंख्या, कार्स्ट (चुनखडीच्या प्रदेशातली भूरूपं), लिंगभाव आणि भूगोल, आपत्ती आणि जोखीम अशी विषयवार कमिशनं आहेत. संघटनेचं वर्षभराचं काम तिथे चालतं. तुम्ही कमिशनच्या बैठकीत निबंध वाचला असेल तर तसंच लिहा: कमिशनचं नाव, शहर, वर्ष. त्यात कमीपणा काहीच नाही.

हा घोळ कुठपर्यंत जातो ते सांगते. ओळखीतल्या एका तरुण संशोधकाला मेल आला. परिषदेच्या नावात ‘इंटरनॅशनल’, ‘जिओग्राफिकल’ आणि ‘काँग्रेस’ हे तिन्ही शब्द होते आणि वर पृथ्वीगोलाचं चित्र. त्याला वाटलं, हीच ती आयजीयूची चार वर्षांनी भरणारी मुख्य परिषद, म्हणजे काँग्रेस. त्याने रात्री सारांश पाठवला आणि दोन दिवसांत ‘स्वीकारला’ असं उत्तर आलं. शंका तिथेच यायला हवी होती. खऱ्या परिषदेत सत्राचे आयोजक सारांश वाचतात आणि त्याला वेळ लागतो. याने शुल्क भरलं, विमानाचं तिकीट काढलं. प्रत्यक्षात हॉटेलातल्या एका खोलीत दंतवैद्यक, व्यवस्थापन आणि भूगोल एकाच सत्रात कोंबले होते. समोर श्रोते म्हणून आपापली पाळी यायची वाट बघणारे वक्तेच. पुढे पदोन्नतीच्या मुलाखतीत समितीने त्या प्रमाणपत्राबद्दल एकच प्रश्न विचारला, ‘हे सत्र कोणत्या कमिशनचं होतं?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

माझी सवय सांगते. आलेल्या मेलमधल्या दुव्यावर मी कधीच जात नाही. आयजीयूचं संकेतस्थळ स्वतः उघडते आणि कार्यक्रमांच्या यादीत ती परिषद आहे का बघते. मग संबंधित कमिशनच्या अध्यक्षांचा पत्ता त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून घेते आणि दोन ओळींचा मेल टाकते. उत्तर यायला कधी आठवडा लागतो. तेवढा आठवडा थांबायची तयारी नसेल, तर पैसे भरायची घाईही करू नये.

नावं आणि सनावळ्या

पहिली आंतरराष्ट्रीय भूगोल काँग्रेस 1871 साली अँटवर्पला भरली, आयजीयू 1922 साली ब्रुसेल्सला स्थापन झाली. ‘आयजीयूची स्थापना 1871’ हे वाक्य प्रबंधांमध्ये एकमेकांवरून उतरवलं जातं. 1 : 10,00,000 प्रमाणाच्या जागतिक नकाशाचं श्रेयही असंच आयजीयूला दिलं जातं. भूगोलतज्ज्ञ अल्ब्रेख्ट पेंक यांनी ती कल्पना 1891 च्या बर्न काँग्रेसमध्ये मांडली, तेव्हा संघटना जन्मायची होती.

आययूजीजी ही संघटना वेगळी. ती भूगणित आणि भूभौतिकीची, स्थापना 1919, तीही ब्रुसेल्सलाच, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. नकाशाशास्त्राची आयसीए 1959 ची, तीही वेगळी. नॅशनल जिओग्राफिकचा तर इथे संबंधच नाही. यूजीआय मात्र वेगळी नाही, आयजीयूचीच ती फ्रेंच आद्याक्षरं.

काँग्रेसचा क्रमांक चार-चार वर्षं मोजून काढू नका. नवी दिल्लीची 1968 ची एकविसावी, बीजिंगची 2016 ची तेहतिसावी. चौतिसावी इस्तंबूलला 2020 मध्ये व्हायची होती, ती साथीमुळे 2021 मध्ये ऑनलाइन झाली. पस्तिसावी 2024 मध्ये डब्लिनला. मध्ये 2022 ला पॅरिसमध्ये शताब्दीची काँग्रेस झाली, ती या क्रमात धरायची नाही.

चुकीचं सत्र, पोकळ सारांश

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण हिच्यामुळे चांगलं काम वाया जातं. लोक सत्र निवडतात ते शीर्षकातला एखादा शब्द जुळला म्हणून. निबंध नदीखोऱ्यातल्या पीकबदलावर आहे, नदी दिसली, की टाकला पाण्याच्या सत्रात. पण तुमचा प्रश्न काय आहे? उपग्रहचित्रांवरून शेतजमीन किती बदलली हे मोजलं असेल तर तो निबंध भूवापर आणि भूआच्छादन बदलाच्या कमिशनचा. शेतकऱ्यांनी पीक का बदललं हे गावोगाव विचारलं असेल तर ग्रामीण व्यवस्थांच्या शाश्वततेवर काम करणाऱ्या कमिशनचा. पाण्याच्या सत्रातला श्रोता उपशाबद्दल आणि पाणीवाटपाबद्दल विचारणार, आणि तुमच्याकडे त्याची आकडेवारी नसणार.

सारांशाची गतही तशीच. पहिल्या चार ओळी ‘शेती हा मानवी जीवनाचा पाया आहे’ छापाच्या. मग ‘जीआयएस तंत्राचा (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याच्या तंत्राचा) वापर करून विश्लेषण केले आहे’. शेवटी ‘निष्कर्षांची चर्चा निबंधात केली जाईल’. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं काय? कोणत्या वर्षांची चित्रं वापरली, प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली का, सापडलं काय, यातलं काहीच नाही. मी सारांश हातात घेतला की आधी शेवटची ओळ वाचते. तिथे निष्कर्ष नसेल तर लेखकाला परत पाठवते आणि सांगते, काय सापडलं ते पहिल्या दोन वाक्यांत लिहून आण. बहुतेकांना ते जमतं. ज्यांना जमत नाही त्यांचं विश्लेषणच व्हायचं असतं, आणि ‘पुढे करू’ म्हणून ते मुदतीच्या भरवशावर बसलेले असतात. अशांनी सरळ पुढच्या परिषदेची वाट बघावी. दोन काँग्रेसच्या मधल्या वर्षांत प्रादेशिक आणि विषयवार परिषदा होतातच.

एकच सारांश थोडा फिरवून तीन सत्रांना पाठवू नका. आयोजक एकमेकांना ओळखतात.

ऑलिंपियाडची तयारी

आयजीयूच्या भूगोल ऑलिंपियाडसाठी मुलांना बसवणारे शिक्षक राजधान्या आणि शिखरांच्या उंच्या पाठ करून घेतात. 1996 साली हेगला सुरू झालेली ही स्पर्धा 16 ते 19 वयाच्या मुलांची आहे. तिच्यात लेखी परीक्षेला 40 टक्के, मल्टिमीडिया चाचणीला 20 टक्के आणि क्षेत्रकार्याला 40 टक्के गुण असतात. पाठांतराने क्षेत्रकार्यात एक रेषही ओढता येत नाही. मुलांना कोरा कागद आणि पेन्सिल देऊन एखाद्या रस्त्यावर न्या. कुठल्या इमारतीचा काय वापर होतो याच्या नोंदी करू द्या, मग त्यावरून सूची, प्रमाण आणि उत्तर दिशेच्या बाणासह नकाशा काढू द्या. पहिला नकाशा वाईटच येतो. तो खोडून दुरुस्त करायला लावू नका, त्याच रस्त्यावर पुन्हा न्या.