मांजरीच्या पिसवा जात नव्हत्या, शेवटी अशा गेल्या

मांजर सतत मान खाजवायची. फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर तांबूस पसरले, म्हणजे पिसवांची विष्ठाच. शाम्पू झाला, पट्टा झाला. आठवड्यात पुन्हा तेच. वैताग नुसता! कुत्र्यासाठीचे पिसवांचे थेंब घरात होते, तेच घालणार होतो. नशीब, आधी लेबल वाचलं: परमेथ्रिन, म्हणजे एक कीटकनाशक. मांजरीच्या यकृताला ते झेपत नाही, झटके येऊन जीवही जातो.

मग डॉक्टरांकडे वजन केलं, ३.४ किलो. त्या वजनाचे, मांजरांसाठीचेच सेलामेक्टिनचे थेंब मानेमागे, जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडले. त्याच दिवशी तिचं अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुतलं, सोफ्याच्या फटींत व्हॅक्यूम फिरवला. महिन्याला एक, असे तीन डोस. मध्ये काही पिसवा दिसल्या, पण त्या जुन्या कोषांतून निघालेल्या. तिसऱ्या डोसनंतर फणी कोरी.