प्रत्येक अडतीचा वरचा दर: ग्रुपमधली पहिली ओळ काढताना

सांगलीत बीसीएस, एमसीए करून डेटाच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास पडतो: प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर काढून दाखवा. सोपा वाटतो, म्हणूनच विचारतात. सरावाला मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांसारखं टेबल करा: आयडी, तारीख, अडत (अडत्याची पेढी), लॉट, पोती, दर, खरेदीदार. प्रश्न असा: या हंगामात प्रत्येक अडतीत सर्वांत जास्त दराने गेलेला लॉट कोणता, आणि तो घेतला कोणी?

नवखा माणूस एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) अडतीवर ग्रुप बाय लावतो, म्हणजे अडतीनुसार गट पाडतो, आणि दराचा मॅक्स, म्हणजे सर्वांत मोठी किंमत, काढतो. दर बरोबर येतो. मग खरेदीदार हवा म्हणून त्यालाही मॅक्स लावतो, आणि वर्णक्रमात शेवटी येणारं नाव त्या दरापुढे चिकटतं. ओळ दिसते खरी, पण तसा सौदा झालेलाच नसतो. मॅक्स एका रकान्यापुरता बघतो, आपल्याला अख्खी ओळ हवी असते.

म्हणून क्वेरीला (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला) हात घालण्याआधी ‘पहिली’ कशी ठरवायची ते पक्कं करा. समजा, एका अडतीत लॉट 14 आणि लॉट 22 दोन्ही 15,200 ला गेले आणि लॉट 31 चा दर रिकामा आहे, कारण शेतकऱ्याला भाव पटला नाही. नुसत्या दरावर क्रम लावला तर 14 आणि 22 मधला कोणता येईल याची हमी नाही. आज एक, उद्या दुसरा. क्रम असा लावा: दर उतरता, मग तारीख चढती, मग आयडी. शेवटचा रकाना कधीच दोनदा न येणारा हवा. आणि लॉट 31? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरत्या क्रमात नल, म्हणजे रिकामी किंमत, सगळ्यांत वर बसतो, म्हणजे न विकलेला लॉटच पहिला येतो! तिथे नल्स लास्ट (रिकामे शेवटी) लिहावंच लागतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो आपोआप खाली जातो.

सगळीकडे चालणारी रीत रो नंबरची, म्हणजे गटातल्या ओळींना 1, 2, 3 असे क्रमांक द्यायची: आतल्या क्वेरीत पार्टिशन बाय (गट कशावर) अडत, ऑर्डर बाय (क्रम कसा) वरचा क्रम, आणि बाहेरच्या क्वेरीत क्रमांक 1 असलेल्या ओळी. हा क्रमांक त्याच क्वेरीच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या अटीत) वापरता येत नाही, कारण व्हेअर आधी चालतं, क्रमांक नंतर पडतो. क्रम नुसत्या दरावर ठेवून रो नंबरऐवजी रँक लिहिलं तर वरच्या दराच्या बरोबरीतले सगळे 1 होतात. हंगामाची तारखेची अट मात्र आतच घाला. बाहेर घातली तर ज्या अडतीचा आजवरचा वरचा दर मागच्या वर्षीचा आहे, ती अडत यादीतून गायब होते. ही चूक पकडायला फार अवघड, कारण एरर येत नाही. मायएसक्यूएलमध्ये रो नंबर 8.0 आवृत्तीपासून आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक गटातली पहिलीच ओळ ठेवणारं डिस्टिंक्ट ऑन आणखी आटोपशीर, फक्त ऑर्डर बायची सुरुवात गटाच्याच रकान्याने, इथे अडतीने, व्हायला हवी.

आता वेग. अडत, दर उतरता नल्स लास्ट, तारीख, आयडी असा इंडेक्स (आधीच क्रम लावून ठेवलेली सूची) केला की वेगळं सॉर्टिंग वाचू शकतं. क्रम क्वेरीशी तंतोतंत जुळला पाहिजे, नल्स लास्टसकट. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अॅनलाइझमध्ये सॉर्टपुढे ‘एक्स्टर्नल मर्ज’ दिसलं तर समजा, सॉर्ट मेमरीत मावलं नाही, डिस्कवर गेलं. पोस्टग्रेसमध्ये सॉर्टसाठीची ही मेमरी, वर्क मेम, मुळात 4 एमबीच असते.

पण इंडेक्स सगळ्यावरचा उतारा नाही. अडती 60 आणि ओळी 20 लाख असतील, तर डिस्टिंक्ट ऑन 60 ओळी देण्यासाठी 20 लाख नोंदी चाळतं. अशा वेळी अडतींचं छोटं टेबल घ्या आणि त्याला लॅटरल जॉइनने (प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी वेगळी चालवणारी जोडणी) ‘या अडतीच्या ओळी, क्रम लावून, लिमिट 1’, म्हणजे एकच ओळ, जोडा. इंडेक्समध्ये 60 वेळा बुडी, काम संपलं. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) ठेवा, नाहीतर ज्या अडतीत एकही सौदा नाही ती गळते. उलट गट अडतीऐवजी शेतकऱ्यानुसार पाडले आणि शेतकऱ्यामागे दोन-तीनच ओळी असतील तर लॅटरलचा उपयोग नाही, डिस्टिंक्ट ऑनच बरं.

पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) ग्रुपबायनंतरचं फर्स्ट फसवं आहे. ते पहिली ओळ देत नाही, प्रत्येक रकान्यातली पहिली भरलेली किंमत देतं. वरच्या ओळीत खरेदीदार रिकामा असेल तर खालच्या सौद्याचा उचलून आणतं. सॉर्ट व्हॅल्यूज करून अडतीच्या रकान्यावर ड्रॉप डुप्लिकेट्स वापरा, किंवा ग्रुपबायनंतर हेड 1. एक्सेलमध्ये सॉर्ट करून अडतीच्या रकान्यावर रिमूव्ह डुप्लिकेट्स; वरची ओळ राहते. आधी शीटची कॉपी काढून ठेवा.

मुलाखतीत क्वेरी लिहिण्याआधी उलट विचारा, ‘एकाच दिवशी दोन ऑर्डरी असतील तर कोणती घ्यायची?’ समोरच्याला हेच ऐकायचं असतं. उत्तर आल्यावर ओळी मोजा: निकालातल्या ओळी आणि सौदे झालेल्या खऱ्या अडतींची संख्या सारखी हवी. ओळी जास्त असतील तर बरोबरी सुटलेली नाही किंवा एकच अडत दोन स्पेलिंगनी नोंदवली गेली आहे, आणि यार्डाच्या नोंदींत बहुतेकदा दुसरंच निघतं.