मुक्या सिनेमाच्या चालीवर दहा मिनिटांचं प्रेमनाट्य

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात गणपतीत एक मुकं नाटुकलं होतं, आणि ते बसवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे आहे. मुकं का, तर समोर निम्मे गुजराती शेजारी असतात, आणि बडोद्यातल्या आपल्या घरांतल्या पोरांना मराठी कळतं पण मराठी विनोद समजावून सांगावा लागतो. वर माइकची शिट्टी. संवादच काढून टाकले की तिन्ही कटकटी एकदम मिटतात. विषय मात्र प्रेमाचा आणि हसवणारा हवा. देशभक्तीवर बसवलं की पोरं नुसती ताठ उभी राहतात. आता हे काम कुणा तरुणाने अंगावर घ्यावं, म्हणून लिहून ठेवते.

कथा सुचायच्या आधी एक वस्तू शोधा. तिचा खरा अर्थ प्रेक्षकाला कळला पाहिजे आणि प्रेमात पडलेल्याला नेमका उलटा वाटला पाहिजे. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ १९३१चा, म्हणजे बोलपट रुळल्यानंतरचा, तरी त्याने तो मुकाच ठेवला. त्यात आंधळ्या फूलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटायला हवा. कसा वाटणार? पोलिसाला चुकवायला तो उभ्या मोटारीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने तिच्यासमोर उतरतो. दार आपटतं, ती त्या दिशेला मान वळवते, फूल पुढे करते. थोड्या वेळाने खरा मालक मोटारीत बसून निघून जातो आणि तिला वाटतं, साहेब सुटे पैसे न घेताच गेले. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिची मान वळलेली दिसते, आणि तेवढं पुरतं. या एका जागेसाठी चॅप्लिनने तो प्रसंग शेकडो वेळा चित्रित केला असं सांगतात. तुम्ही निदान चहा होईपर्यंत तरी विचार करा.

नटी क्लारा बोच्या ‘इट’मध्ये (१९२७) ती वस्तू म्हणजे चक्क तान्हं बाळ. आजारी मैत्रिणीचं मूल काढून न्यायला बायका येतात, तेव्हा दुकानात काम करणारी ही पोरगी ‘हे माझंच’ म्हणून मोकळी होते. गोष्ट दुकानाच्या मालकापर्यंत जाते, आणि तो नेमका तिच्या प्रेमात. आपण का हसतो? बाळ कुणाचं ते आपल्याला आधीच माहीत आहे म्हणून. ते शेवटी कळलं असतं तर रडारड झाली असती. तेव्हा गुपित प्रेक्षकापासून लपवू नका. आमचा एक होतकरू लेखक दरवर्षी शेवटी ‘धक्का’ द्यायला बघतो. त्याला पडदा ओढायच्या कामावर ठेवलंय.

मी बांधलेली गोष्ट सांगते. मांडवीजवळ लग्नाच्या सामानाचं दुकान. एका गुजराती बाईंच्या मुलाने मराठी मुलगी पसंत केलीय, त्यांना मुंडावळ्या कशा बांधतात ते बघायचंय. दुकानातली पोरगी स्वतःच्या कपाळाला बांधून दाखवते. तेवढ्यात काचेबाहेरून समोरच्या फोटो-फ्रेमच्या दुकानातला पोरगा बघतो. संपला बिचारा! एक शब्द लागला नाही, आणि दोन्ही भाषांचे लोक एकाच वेळी हसले. मुलीने मुंडावळ्या बांधण्याआधी बाईंच्या हातात मुलासुनेचा फोटो मात्र दिसू द्या, आणि तो मागच्या सतरंजीवरून दिसेल एवढा मोठा करा.

मग वेळ बांधा. बस्टर कीटनच्या ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) नायकाला सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत लग्न केलं तर सत्तर लाख डॉलर मिळणार असतात, आणि हे त्याला त्याच दिवशी कळतं. गडबडीत तो आपल्या प्रेयसीला लग्नाचं असं विचारतो की जणू कुणीही चाललं असतं, आणि ती फणकारते. मुहूर्ताची घाई आपल्याला कुणी शिकवायला नको. मागे पुठ्ठ्याचं घड्याळ लटकवा आणि एक पोरगा काटे फिरवायला ठेवा. पुरे.

अडथळा बाहेरचा असलाच पाहिजे असं नाही. हॅरॉल्ड लॉइडच्या ‘गर्ल शाय’मध्ये (१९२४) शिंप्याकडचा शिकाऊ पोरगा मुलींसमोर तोतरा होतो, आणि शिट्टी वाजली तरच त्याचं तोंड मोकळं होतं. मुक्या चित्रपटात तोतरा नायक! आवडलेल्या मुलीचं दुसऱ्याशी लागणारं लग्न थांबवायला तो पोचतो, पण शब्द फुटत नाही, म्हणून नवरीला खांद्यावर टाकूनच बाहेर पडतो. न बोलता येणाऱ्याने काहीतरी करावंच लागतं, आणि करणं दिसतं. आमच्या फ्रेमवाल्याला मी उचकी दिलीय.

नावांची अदलाबदल मात्र टाळा. दिग्दर्शक ल्युबिचच्या १९१९च्या ‘ऑयस्टर प्रिन्सेस’मध्ये राजपुत्राच्या मित्रालाच राजपुत्र समजतात आणि त्याचं राजपुत्राच्या नावाने लग्न लागतं, पुढे खरा राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो तर कळतं, कागदोपत्री दोघं आधीच नवरा-बायको. बहारीचं आहे, पण मुक्या खेळात नावं मधल्या लेखी पाट्यांवर येतात, आणि दहा मिनिटांत पाट्या वाचायला वेळ नसतो. पाट्या तीनच, मराठी वर, गुजराती खाली. आपल्याकडच्या मूकपटांतही पाट्या एकाहून जास्त भाषांत असत. शिवाय दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकलेले, तेव्हा बडोदेकरांना कुणी नाकं मुरडू नयेत.

पाठलाग शेवटी, प्रेक्षकांच्या मधून. ‘गर्ल शाय’मध्ये लग्न गाठायला लॉइड मोटार, घोडा, ट्राम अशी वाहनं बदलत जातो. आमच्या पोराची अ‍ॅक्टिव्हा पेट्रोल संपून थांबते, मग भाजीची हातगाडी, मग लहान मुलाची तीनचाकी. प्रत्येक वाहन आधीच्याहून हळू हवं. मांडवात पोचल्यावर त्याला दिसतं, ती नवरी नाहीच, नवरीला मुंडावळ्या बांधायला बोलावलेली. त्याची उचकी थांबते आणि तिला सुरू होते. हार्मोनियमवाल्याला सांगा, उचकीला एकच स्वर, दोघांना तोच.

तालीम झाली की गल्लीतल्या लहान मुलांसमोर एकदा करून बघा, आणि स्टेजकडे न बघता त्यांच्याकडे बघा. ‘आता काय झालं?’ असं कुणी विचारलं तर ती जागा दुरुस्त करा, पाटी लावू नका. कुठे अनपेक्षित हशा आला तर तो वाढवा. ‘सेव्हन चान्सेस’च्या चाचणी खेळात कीटनमागे दोन-चार दगड घरंगळले आणि लोक हसले, त्याने परत जाऊन दगडांचा अख्खा लोंढा चित्रित केला. म्हणून ही चाचणी चतुर्थीच्या निदान चार दिवस आधी ठेवा. आदल्या रात्री दुसरी तीनचाकी मिळत नाही.